हसऱ्या म्हातारीचा मुखवटा

१

"म्हातारी गेली!" चौकीदारकाका धापा टाकत अंगणात आले. चहाचा कप तोंडाला लावलेली माणसं क्षणभर खरोखरच हळहळली.

"अरेरे. कोणाची?" कुणीतरी विचारलं.

"कोणाची काय? आपली! खोलीत नाहीये. नुसता केसांचा टोप आहे ठोकळ्यावर!"

मग कुठे कप खाली ठेवले गेले.

सिनेमात एक हसरी म्हातारी होती आणि तिचा तसाच हसरा म्हातारा. घरात भाडेकरू ठेवायचे, पोटच्या पोरासारखी माया लावायची, आणि एके दिवशी कुऱ्हाड काढायची. मरणारे येऊन-जाऊन असायचे. सिनेमा होता तो मारणाऱ्यांचाच. म्हातारीला जिने चढत धावायचं होतं, कुंपणावरून उड्या मारायच्या होत्या, म्हणून ते काम एका तरण्याताठ्या मुलीला दिलं होतं. तिच्या डोक्यावरून मानेपर्यंत चढायचा तो रबरी मुखवटा. सुरकुत्या, कपाळावरची बारीक छिद्रं, गालावरची लव, सगळं इतकं खरं, की पहिल्या दिवशी स्वयंपाकाच्या माणसाने तिला वाकून नमस्कार केला होता. आणि ते हसू. कानापर्यंत ताणलेलं, दातांनी भरलेलं.

आज चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. भाडेकरूंमधली वाचलेली एक मुलगी तीच कुऱ्हाड उचलून म्हातारीच्या तोंडाचे दोन तुकडे करणार होती, कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोर. त्यासाठी पुतळा तयार होता. त्याला चढवायचं तोंडच गायब.

दिग्दर्शक आधी हसला. "गेला तर गेला. मास्तर, दुसरा ओता. साचा आहे ना?"

मास्तर म्हणजे साचे घेणारे, मुखवटे ओतणारे. त्यांनी खाली बघत मान हलवली. "साचा नाही. पहिला मुखवटा सोडवतानाच फुटला."

"काय? आणि हे आज सांगताय?"

"कोणी विचारलंच नाही."

दिग्दर्शकाचा चेहरा पांढरा पडला. मग तो चौकीदारकाकांकडे वळला. त्या खोलीच्या दोनच किल्ल्या होत्या. एक मास्तरांकडे, दुसरी काकांकडे.

"कुलूप फुटलेलं नाही," तो म्हणाला. "मास्तर स्वतःचंच लेकरू कशाला पळवतील? उरलं कोण?"

काकांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

२

चित्रीकरणात एक माणूस असा लागतो, ज्याला सगळं आठवतं. आदल्या दृश्यात कप डाव्या हातात होता की उजव्या, रक्ताचा डाग कोपरापर्यंत होता की मनगटापर्यंत. इथे हे काम एक तरुण बाई करायची. घरी दूधपितं बाळ, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं, पण नजर अशी की सुईच्या नेढ्यातून हत्ती गेला तर शेपूट अडकलं का हेही सांगेल. तिला सगळे 'आठवण' म्हणायचे. "आठवणला विचार," एवढ्यावर भांडणं मिटायची.

"संध्याकाळी सामान आवरेपर्यंत शोध," दिग्दर्शक तिला म्हणाला. "नाहीतर काकांना मी पोलिसांच्या हवाली करतो."

काका फाटकाजवळच्या स्टुलावर बसले होते. गुडघ्यांवर दोन्ही हात, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"ताई, आधीच्या ठिकाणीही असंच झालं होतं," ते हळूच म्हणाले. "दिव्याच्या काचा गेल्या. मी नव्हत्या घेतल्या. पण जो फाटकावर तो चोर. आता दुसऱ्यांदा नाव लागलं, तर मला कोण उभं करील? घरी सुनेसमोर ताटावर बसायची लाज वाटेल हो."

"काल खोलीत कोण गेलं?"

"मास्तरांच्या घरच्या, आपल्या वहिनी, टोप ठेवायला आल्या. मी कुलूप उघडून दिलं, त्या गेल्यावर लावलं. म्हातारी तेव्हा होती. मी रोजच्यासारखं विचारलं पण तिला." ते ओशाळले. "म्हणजे गंमत हो. 'काय म्हातारे, आज किती मारलेस?' असं. एकदा तोंडात विडीही खोचली होती. सगळे हसले होते."

आठवणही हसली होती त्या दिवशी. तिने फोटोही काढला होता.

नंतर ती म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीकडे गेली. तिला सगळे 'आजीबाई' म्हणत. आजीबाई पायरीवर बसून नखं खात होती.

"मी नाही घेतला. पण घेणाऱ्याच्या तोंडात साखर पडो!" ती म्हणाली. "त्या रबरात घामाने उकडून निघालेय मी. आणि मिळालं काय? आई पोस्टरसमोर उभी राहून विचारते, 'अगं, यात तू कुठेस?' काय सांगू? त्या भवानीच्या आत आहे म्हणू?"

"म्हणजे तुला राग होता."

"होता की. पण डोकंही आहे मला. काल चोरला असता तर आज मास्तरांनी नवा ओतला असता, असंच वाटायचं ना सगळ्यांना? फुकट एक दिवसाचा खाडा आणि घाम पुन्हा माझाच. साचा फुटलाय हे कोणाला ठाऊक होतं?"

आठवण चालता चालता थांबली.

खरंच. कोणाला ठाऊक होतं?

३

तो विचार तिने तसाच पदराला बांधला आणि खोलीत गेली. ठोकळ्यावर पांढऱ्या केसांचा टोप होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी पडली. पडद्यावर म्हातारीचे केस पिंजारलेले, रक्ताने चिकटलेले. इथे मात्र नीट विंचरून, मधोमध भांग पाडून, मानेवर छोटासा घट्ट अंबाडा घातला होता.

चोर केस विंचरून गेला?

टोपांचं काम मास्तरांच्या बायकोकडे होतं. सगळ्यांच्या वहिनी. त्या अंगणात दोरीवर टोप वाळत घालत होत्या.

"अंबाडा मीच घातला," त्या लगेच म्हणाल्या. "रोजच घालते."

"रोज? मग सकाळी..."

"सकाळी मीच सोडते, मीच विस्कटते, तेच लाल लावते. संध्याकाळी धुऊन पुन्हा विंचरते. हे हसतात मला. म्हणजे हसायचे. हल्ली नुसते बघत बसतात." त्या स्वतःच हसल्या. "हाताला खोड लागलीय, दुसरं काय. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना माझ्या, तेव्हा रोज दिवेलागणीला त्यांचे केस विंचरायचे. गेल्या त्या, पण वेळ झाली की हात शिवशिवतात. त्या म्हातारीचा टोप हातात आला की फारच. तुम्ही म्हणाल, बाई खुळी आहे."

"नाही म्हणणार," आठवण म्हणाली. "बाळ आजीकडे असलं की माझे हातही असेच रिकामे होतात."

"बघा! ज्याचं त्यालाच कळतं."

"वहिनी, त्या मुखवट्याची तुम्हाला भीती नाही वाटायची?"

वहिनींनी चिमटा लावता लावता विचार केला. "तोंडाकडे बघायचीच नाही मी. नको वाटायचं. मागून मात्र काही वाटायचं नाही. मागून ती कोणाचीतरी घरची वाटायची."

तेवढ्यात मागे काहीतरी फुटलं. मास्तर दारात उभे होते. त्यांच्या हातातून प्लास्टरचं भांडं निसटलं होतं, आणि ते तुकड्यांकडे न बघता बायकोकडे बघत होते.

४

दुपारी आठवणची आई बाळाला पाजायला घेऊन आली.

"हे बघ, मी आत येणार नाही," ती फाटकातूनच म्हणाली. "तुमच्याकडे माणसं तोडतात म्हणे."

"आई, खोटं असतं गं ते."

"खोटं असलं तरी बघायला खरी माणसंच येणार ना? चल, घे हिला. सकाळपासून कान ओढतेय माझे."

आठवणने कपड्यांच्या खोलीत बाळाला पाजलं. बाळ खांद्यावर पेंगुळलं होतं, तेव्हा त्याचे गाल हनुवटीशी लोंबले होते, एखाद्या रागावलेल्या आजोबांसारखे. तिने अलगद त्याला गाद्यांवर निजवलं. आणि बघता बघता चेहरा बदलला. गाल कानांकडे घरंगळले, हनुवटी निमुळती झाली, जिवणी सैल पडून रुंदावली. तेच बाळ, पण वेगळंच.

रोज बघत होती ती हे. रोज वाटायचं, निजल्यावर ही कोणावर जाते?

तिचा हात बाळाच्या पोटावर होता तो तिथेच थांबला.

मग तिने फोन काढला. कालपर्यंतच्या दृश्यांचे फोटो त्यात होते. आधी म्हाताऱ्याचा मुखवटा उघडला. त्याचा साचा दिग्दर्शकाच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून घेतला होता. ते हौसेने आले होते. "जावयाच्या सिनेमात एकदाचं तोंड तरी दिसेल," म्हणत खुर्चीत ताठ बसले होते आणि नाकपुड्यांत नळ्या घालूनही हातवारे करत होते. म्हाताऱ्याच्या मुखवट्यात गाल खाली आले होते. गळ्याला झोळी होती. बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं जे होतं ते.

मग म्हातारीचा. ते भयंकर हसू तिने अंगठ्याने झाकलं, आणि बाकीचा चेहरा बघितला.

गाल खाली आले नव्हते. ते कानांकडे गेले होते. गळ्याला झोळी नव्हतीच. एवढ्या सुरकुत्या, आणि गळा सपाट.

मास्तर सगळ्यांना खुर्चीत बसवून साचा घेतात. तेच सांगतात, निजवून घेतला तर चेहरा पसरतो, आपला राहत नाही. मग हा एकच साचा निजवून का घेतला?

ज्याला बसताच येत नव्हतं, त्याचा.

बाळाने झोपेत उसासा टाकला. आठवणने त्याच्या अंगावरचं पांघरूण उगीचच नीट केलं. तिला एकदम थंडी वाजली होती.

५

मास्तर कामाच्या टेबलाशी बसले होते. समोर काही काम नव्हतं. नुसतेच बोटांनी वाळलेलं प्लास्टर खरवडत होते.

आठवण दार लोटून आत आली. "मास्तर, आज सकाळपर्यंत सगळ्यांना वाटत होतं, मुखवटा गेला तर दुसरा ओतता येईल. दिग्दर्शकांना, आजीबाईला, काकांनाही. मग तो चोरून कोणाचं काही अडणार नव्हतं आणि कोणाचा फायदाही नव्हता. तो एकदा गेला की कायमचा गेला, हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं."

मास्तरांची नखं प्लास्टरवर जोरात चालू लागली.

"आणि बाकीचे साचे तुम्ही बसवून घेतलेत. हा निजवून." तिचा आवाज खाली आला. "कोण निजलं होतं, मास्तर?"

नखांचा आवाज थांबला.

"आई," ते म्हणाले.

ते बोलू लागले ते टेबलाशीच बोलल्यासारखं. "पहाटे गेली. ही बाहेर नातेवाइकांना फोन करत होती. मी एकटाच होतो जवळ. लोक म्हणतात, हळूहळू चेहरा पुसट होतो. मला ते नको होतं. आणि हात कामाला लागले तर रडू तरी येणार नाही, असं वाटलं. हलक्या हाताने घेतला साचा. मृत चेहऱ्यावरून लवकर निघतो. तिचं तोंड स्वच्छ पुसून ठेवलं. हिला कळूही दिलं नाही. ओतीव चेहरा कपाटात, कापडात गुंडाळून."

"मग?"

"मग हा सिनेमा. मी डोकी घडवून नेतोय आणि दिग्दर्शक म्हणतायत, खोटं वाटतं, मास्तर, खरी म्हातारी हवी. जिवंत बाया प्लास्टरखाली बसायला तयार होईनात. तारीख अंगावर आली. म्हटलं, अंधारात दोन दृश्यं आहेत म्हातारीची. तोंडावर मातीने हसू चढवलं, दात बसवले, त्यावरून नवा साचा घेतला, त्यात तो ओतीव चेहरा मोडला. कोण ओळखणार? तर यांना ते तोंड इतकं आवडलं की गोष्टच फिरवली. म्हणाले, आता सिनेमा या दोघांचाच." त्यांनी तळहाताने डोळे दाबले. "पोस्टर लागली. गल्लीतली पोरं भिंतीवरच्या माझ्या आईला दगड मारतात. आणि ही... ही रोज संध्याकाळी तिच्या मागे उभी राहून केस विंचरते. हिच्या हातांना कळलंय हो. हिला कळलं नाहीये."

"आणि आज कुऱ्हाड."

"तेवढं बघवणार नव्हतं मला."

"कुठे आहे तो?"

त्यांनी टेबलाखालच्या प्लास्टरच्या रिकाम्या गोणीकडे बोट दाखवलं. "घरी कुठल्या तोंडाने नेऊ?"

आठवणला त्यांचा राग यायला हवा होता, पण फोनमधला तो विडीचा फोटो आठवून तिचीच मान खाली गेली.

"काकांना मी दुसरीकडे काम लावून देतो," मास्तर घाईने म्हणाले. "पोलीस येणार नाहीत, मी दिग्दर्शकांना समजावतो. फक्त हे राहू दे आपल्यात. हिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"काका चोर म्हणूनच जातील पण."

मास्तर उत्तर देणार, तोच अंगणातून दिग्दर्शकाचा चढलेला आवाज आला, आणि पाठोपाठ काहीतरी जमिनीवर ओतल्याचा.

६

काकांनी आपली पत्र्याची पेटी स्वतःच उपडी केली होती.

"बघा! घ्या बघून!" ते म्हणत होते. अंगणात सगळ्यांसमोर एक ठिगळाचा सदरा पडला होता, दाढीचं सामान, नातवाचं तुटकं खेळणं, औषधाच्या पुड्या आणि आतले कपडे. कुणीच तिकडे नीट बघू शकत नव्हतं. आजीबाईने तोंड फिरवलं. वहिनी खाली बसून त्या वस्तू घाईघाईने गोळा करू लागल्या.

"काका, असं नका हो करू. पुरे आता."

"काकांनी नेला नाही."

मास्तर गोणी छातीशी धरून उभे होते. त्यांच्या मागे आठवण. तिने त्यांना ढकललं नव्हतं. ते आपल्या पायांनी आले होते, एवढंच तिला नंतर बरं वाटणार होतं.

"मी नेला," मास्तर म्हणाले.

"अहो, काहीतरी काय!" वहिनी उठून हसल्या. "दुरुस्तीला घेतला असेल यांनी आणि विसरले असतील. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस हा..."

"विसरलो नाही. आई आहे ती."

वहिनींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं.

मास्तरांनी सांगितलं. फार नाही, चार-पाच वाक्यं. आजीबाईने दोन्ही हात हळूहळू आपल्याच गालांवर नेले, जसं काही अजून वर काही चढवलेलं आहे. काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

"मी विडी..." ते पुटपुटले. "मास्तर, मला काय ठाऊक..."

दिग्दर्शक म्हणाला, "पण शेवटचं दृश्य..." आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून थांबला. मग काकांचा सदरा उचलून घडी घालू लागला. त्याला घडी घालता येत नव्हती.

वहिनींनी नवऱ्याच्या हातातून गोणी घेतली. मुखवटा बाहेर काढला. पांढऱ्या भुकटीने तो माखला होता. त्या पायरीवर बसल्या, मांडीवर तो ठेवला, आणि रंग काढायच्या द्रवात बोळा भिजवून पुसू लागल्या. आधी भुकटी गेली. मग गालावरचं लाल. मग भुवयांमधली काळी रेघ. जिवणीशी येऊन हात थांबला.

"हे निघत नाही."

"निघणार नाही," मास्तर म्हणाले. "तो रंग नाही. घडवलंय ते."

"कुऱ्हाडीतून वाचवलंत त्यांना," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "चांगलं केलंत. आणि इतके दिवस त्यांच्या तोंडाने माणसं मारलीत, त्यातून कसं वाचवणार? ज्या बाईने घरात कधी झुरळावर चप्पल उचलली नाही! गावभर लोक आता त्यांना बघून किंचाळणार."

"मी सांगतो यांना. ती दृश्यं..."

"काय सांगता? अख्खा सिनेमाच त्या आहेत." त्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलंही नाही. दिग्दर्शकाने मान खाली घातली. सिनेमा थांबवा असं कुणी त्याला सांगितलं नाही, आणि थांबवतो असं तोही म्हणाला नाही.

"आणि हे हसू कुठून आणलंत?"

"मनाने."

"मनानेच! तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही पहाटे जायचात, आम्ही जेवून निजल्यावर यायचात. शेवटच्या दिवसांत त्या किती हसायच्या! मी केस विंचरताना काहीबाही सांगायची, की लागल्याच हसायला. पण अशा नाही हो. दात गेल्यापासून त्यांना लाज वाटायची. तोंड उघडं दिसू नये म्हणून..."

बोलता बोलता त्यांनी आपला तळवा मुखवट्याच्या तोंडावर ठेवला. ते दात झाकले गेले, ती जिवणी झाकली गेली. वर राहिले ते फक्त कानांकडे ओघळलेले गाल, कपाळ, नाकाची किंचित वाकडी दांडी. पायरीवर, सुनेच्या मांडीवर एक म्हातारी डोकं टेकून, तोंडावर हात घेऊन लाजत हसत होती.

काकांनी हात जोडले. आठवणने फोन काढून तो विडीचा फोटो पुसून टाकला, पण त्याने काही हलकं वाटलं नाही.

वहिनींचा हात भरून आला असावा. तो किंचित सैलावला.

मास्तर एकदम त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"हात काढू नकोस," ते म्हणाले. "थोडा वेळ. काढू नकोस."